आपल्या तासांचा हिशेब

मी एका खासगी कचेरीत अकाउंट्स विभागात कारकून आहे. सकाळचे वर्ग करून बी.कॉम. झाले आणि गेली वीस वर्षे दुसऱ्यांच्या मालाचा, पगाराचा आणि प्रवासभत्त्याचा हिशेब लिहिते आहे. नायगावात मंडळाचा जमाखर्च जुळत नसला किंवा बचत गटाच्या वहीत घोळ झाला, तर लोक माझ्याकडे येतात. अशा बाईने स्वतःच्या आणि चार पोरांच्या मेहनतीचा हिशेब कसा चुकवला, आणि ती चूक कोणी दाखवून दिली, ते आज सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते. परंतु आपल्या घरातली मुले आता कॉम्प्युटरवरची नवी नवी कामे अंगावर घेऊ लागली आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

२०२० साली कोविडमुळे शाळा बंद पडल्या आणि मोबाइलवर भरू लागल्या. त्या वेळी आमच्या अभ्यासवर्गातील चार मुलांनी, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलगे यांनी, वस्तीतल्या लहान मुलांसाठी गणिताचे धडे रेकॉर्ड केले. बी.डी.डी. चाळीतल्या एका खोलीत गोधड्या टांगून, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चुकवून ते धडे केले होते. ते एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. माझी आत्या इस्पितळात सफाईचे काम करते. ती ज्या कंत्राटदार कंपनीमार्फत कामाला आहे, तिथल्या एका अधिकाऱ्याच्या पाहण्यात ते आले. २०२२ च्या पावसाळ्यात त्याने आत्याकडून माझा नंबर घेतला आणि फोन केला.

त्यांना आपल्या सफाई कामगारांसाठी ऑनलाइन कोर्स हवा होता. दहा दहा मिनिटांचे सहा धडे, म्हणजे एकूण एक तास. मराठीत आणि हिंदीत. प्रत्येक धड्यानंतर प्रश्न, आणि सगळे धडे पुरे केले की सर्टिफिकेट. कामगार तो मोबाइलवर पाहतील आणि कोणी किती पाहिला हे कंपनीला कळेल. एमएससीआयटीचा कोर्स ज्यांनी केला आहे किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तके ज्यांनी अभ्यासली आहेत, त्यांना ही पद्धत चटकन समजेल. गुरुजी समोर नसताना माणसाने आपला आपण शिकावे, अशा रीतीने धडा बांधायचा असतो.

अधिकारी म्हणाले, "मॅडम, किती होतील? आजच सांगा, उद्या साहेबांकडे फाइल जाणार आहे."

मी मुलांना विचारले. एडिटिंग करणारा मुलगा म्हणाला, "एक तासाचाच तर व्हिडिओ आहे ताई, आठवडाभरात होईल." मी कागद घेतला. त्यावर माइक, इंटरनेट, बसभाडे आणि झेरॉक्स लिहिले. मुलांना प्रत्येकी काहीतरी हातात पडावे म्हणून एक आकडा धरला. स्क्रिप्ट मीच लिहिणार होते, म्हणून माझ्या नावापुढे रेघ मारली. आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. त्या मजकूर तपासून देणार होत्या. त्यांच्याही नावापुढे रेघ मारली. मनात म्हटले, आपल्याच बायाबापड्यांसाठी काम आहे, त्याचे काय पैसे लावायचे? शिवाय जास्त सांगितले तर काम हातचे जाईल, ही भीती होतीच. मी पंचवीस हजार सांगितले. समोरून लगेच होकार आला. इतक्या लगेच होकार आला तेव्हाच मला कळायला हवे होते.

आता काम कसे झाले ते ऐका. प्रथम आम्ही आत्याच्या आणि तिच्या सोबतिणींच्या ड्यूटीनंतर त्यांना भेटलो. त्यांना काय येते, कुठे चुकते आणि कशाची भीती वाटते हे विचारल्याशिवाय धडा लिहिता येत नाही. एकीने सांगितले की तिने एकदा ब्लीचिंगचे पाणी आणि ॲसिड एकाच बादलीत ओतले आणि डोळे, घसा जळून ती बाहेर पळाली. त्यातून क्लोरीन वायू निघतो हे तिला कोणीही सांगितले नव्हते. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की या धड्यांत चूक होऊन चालणार नाही.

आणि नेमकी चूक झाली. इस्पितळातल्या कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनी रंग ठरवून दिले आहेत. पिवळा, लाल, पांढरा आणि निळा. सुया आणि पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जातात. काचेच्या बाटल्या निळ्यात जातात. मी स्क्रिप्टमध्ये सुई निळ्यात टाकली होती. सिस्टरांनी ते पकडले, परंतु तोवर धडा दोन्ही भाषांत रेकॉर्ड होऊन एडिटही झाला होता. पुन्हा आवाज, पुन्हा चित्रे, पुन्हा एडिटिंग. सिस्टरांना मी आधी कागद दाखवला असता तर पाच मिनिटांचे काम होते. फुकट काम सांगितले होते ना, म्हणून त्यांना त्रास नको असे म्हणत मी कागद उशिरा दिला.

पुढे कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाने सांगितले, "स्कॉर्ममध्ये द्या." हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. स्कॉर्म म्हणजे कोर्स बांधून देण्याची एक ठरलेली पद्धत. तशी गाठोडी बांधली की तो कोर्स कुठल्याही संस्थेच्या शिक्षणप्रणालीवर चालतो, आणि कोणी किती शिकले याची नोंद राहते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ही पद्धत निघाली. मुलांनी रात्री जागून ती शिकून घेतली. कोर्स तपासून पाहण्यासाठी मूडल नावाची प्रणाली वापरली. ती २००२ पासून जगभर मोफत मिळते. परंतु ती ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी लागते, आणि ती चालवायला माणूस लागतो. मोफत वस्तूलाही खर्च असतो, हे तेव्हा कळले.

त्यानंतर दुरुस्त्या आल्या. एका साहेबांनी गणवेशाचा रंग बदलायला सांगितला. दुसऱ्यांनी कंपनीचे नाव प्रत्येक धड्यात दोनदा घ्यायला सांगितले. तिसऱ्यांनी जुनाच रंग बरा म्हटले. किती वेळा दुरुस्ती करून देऊ हे आम्ही कोठेही लिहिले नव्हते, त्यामुळे नाही म्हणता येईना. आठवड्याचे काम अडीच महिने चालले. बिलाचा अर्धा भाग तर आणखी तीन महिन्यांनी मिळाला.

पैसे वाटले त्या संध्याकाळी हिंदीचा आवाज देणाऱ्या आणि स्लाइड करणाऱ्या मुलीची आई माझ्याकडे आली. ती घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. दादरच्या दुकानांतून साड्या आणते, रात्री बसून फॉल लावते आणि सकाळी पोचवते. तिने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

ती म्हणाली, "ताई, मी चौथी शिकलेली बाई. पण एका साडीला किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. दुकानदाराने साडी मोजून दिली की मी वहीत टाकते, नाहीतर महिनाअखेर तो दहाच्या आठ करतो. पोरीलाही तीच सवय लावली. ह्या तिच्या कामाच्या नोंदी. तुम्ही पंचवीस हजार सांगितले तेव्हा माझ्या पोरीचे किती तास धरले होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तास धरलेच नव्हते.

त्या मुलीने आपलेच नव्हे, तर सगळ्यांचे तास तारखेसह लिहून ठेवले होते. ती रात्र मी ती वही जुळवण्यात घालवली. भेटी आणि आराखडा २२ तास. स्क्रिप्ट आणि प्रश्न ४६. सिस्टरांची तपासणी ९. हिंदी भाषांतर १४. दोन्ही भाषांचे रेकॉर्डिंग १८. शूटिंग, स्लाइड आणि एडिटिंग ७४. दुरुस्त्या ४१. प्रणालीवर चढवणे आणि चाचणी १९. बैठका, फोन आणि हिशेब १७. एकूण २६० तास. एका तासाच्या कोर्सला दोनशे साठ तास!

पंचवीस हजारांतून माइक, सर्व्हर, प्रवास आणि इंटरनेट मिळून रोख खर्च ९,२०० रुपये झाला होता. उरले १५,८००. त्याला २६० ने भागले तर तासाला ६० रुपये ७७ पैसे येतात. आठ तासांच्या दिवसाला ४८६ रुपये झाले. माझ्या आत्याला त्याच कंपनीत याहून जास्त रोज मिळत होता. ज्यांना शिकवायचे त्यांच्याहून शिकवणारे स्वस्त पडले, आणि ते स्वस्त कोणी केले? कंपनीने नव्हे. तिने फक्त भाव विचारला होता. भाव मी सांगितला होता.

पुढे एडिटिंग करणाऱ्या मुलाने शोधून काढले की असे आपलेच झाले असे नाही. २०१० साली अमेरिकेत ब्रायन चॅपमन यांनी अनेक संस्थांकडून माहिती घेऊन सरासरी काढली. साधा, वाचत आणि ऐकत पुढे जाण्याचा ऑनलाइन कोर्स असेल तर शिकण्याच्या एका तासामागे सरासरी ७९ तास काम लागते. त्यात प्रश्न, सराव आणि हालती चित्रे असतील तर १८४ तास. आणि खऱ्या कामाचा हुबेहूब सराव देणारा असेल तर ४९० तास. हे आकडे तिकडच्या अनुभवी लोकांचे आहेत. आमची मंडळी नवी, भाषा दोन, म्हणजे २६० तास लागले यात नवल नव्हते. "एक तासाचाच तर व्हिडिओ" हे वाक्यच मुळात चुकीचे होते. शिवणाऱ्याला कोणी विचारत नाही की सदरा घालायला एक मिनिट लागतो, मग शिवायला दोन दिवस कशाला?

त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. गावी त्यांच्याकडे वतनाचे काम होते. सांगावा पोचवा, सरकारी माणसाचे सामान वाहा, मेलेले ढोर ओढा. कामाला वेळ नाही, दर नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. हे मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले, आणि ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. याच मुंबईत १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. कराराने काम कसे करावे हे ते भरलेल्या वर्गात सांगत होते, आणि ज्यांच्याशी कधी कुणी करार केलाच नाही त्यांच्यासाठी कायदे मंडळात उभे राहत होते. वतन गेले. परंतु कामाला हात चटकन पुढे करायचा आणि दर सांगताना जीभ अडखळायची, ही सवय माझ्या अंगात राहिली होती. माझ्या नावापुढे रेघ मारताना मी त्याला समाजकार्य म्हणत होते. समाजकार्य मी स्वतःच्या खुशीने स्वतःच्या वेळेचे करावे. दुसऱ्याच्या लेकीचा वेळ त्यात घालण्याचा मला अधिकार नव्हता, आणि नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला तर मुळीच देणगी द्यायची नव्हती.

मग आम्ही सगळे एकत्र बसलो आणि दर ठरवला. एका माणसाला महिन्याला २४,००० रुपये मिळावेत असे धरले. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास होतात. परंतु फोन, शोधाशोध, बंद पडलेला कॉम्प्युटर हे वजा जाता ज्या तासांचे बिल लावता येते ते १५० च्या वर जात नाहीत. २४,००० ला १५० ने भागले तर १६० रुपये. त्यात कॉम्प्युटरची झीज, वीज आणि इंटरनेट यांचे ४० रुपये. काम नसेल त्या दिवसांसाठी ५० रुपये. असा तासाचा दर २५० रुपये ठरला. या दराने पहिल्या कोर्सची खरी किंमत २६० तासांचे ६५,००० आणि रोख खर्च ९,२०० मिळून ७४,२०० रुपये होत होती. आम्ही ती पंचवीस हजारांत दिली होती.

दुसरे काम एका पतसंस्थेकडून आले. त्यांना पिग्मी एजंटांसाठी एक तासाचा कोर्स हवा होता. पावती कशी लिहावी, रोजचा भरणा कसा जुळवावा वगैरे. या वेळी मी फोनवर आकडा सांगितला नाही. दोन दिवस मागून घेतले. मजकूर कोण देणार, भाषा किती, शूटिंग हवे की नुसत्या स्लाइड, तपासणार कोण, दुरुस्ती किती वेळा, आणि कोर्स कुठे चालणार, हे सगळे विचारून घेतले. २२० तास निघाले. त्यांचे ५५,०००, रोख खर्च ११,०००, आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी १० टक्के धरून ७२,६०० रुपयांचे कोटेशन दिले. देताना माझा हात थरथरत होता.

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तीस हजारांत बसवा."

पूर्वीची मी असते तर मान हलवली असती. या वेळी मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "दादा, तासाचा दर कमी होणार नाही. काम कमी करू. कोर्स अर्ध्या तासाचा करू. शूटिंग नको, स्लाइड आणि आवाज पुरे. मजकूर तुमचे हिशेबनीस तपासतील आणि दुरुस्ती एकदाच." तसे धरले तर ९० तासांचे २२,५००, खर्च ५,००० आणि १० टक्के मिळून ३०,२५० रुपये झाले. त्यांनी वही दोनदा वाचली आणि सही केली. निम्मी रक्कम आधी मिळाली. काम प्रत्यक्षात ९७ तासांत झाले. वरचे सात तास त्या दहा टक्क्यांत बसले.

ती मुलगी आता आमच्याबरोबर रोज काम करीत नाही. पहिल्या कामानंतर तिने मॉलमध्ये नोकरी धरली. पदवीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे हवे होते आणि आमच्याकडून मिळालेले पुरले नाहीत, हे मला नंतर कळले. रविवारी आवाज द्यायला येते, ठरलेला दर घेते आणि जाताना तास लिहिलेल्या पानावर माझी सही घेते. मी खुशीने सही करते. पतसंस्थेच्या कामातून माझा जो वाटा आला तो मी तिच्या आईच्या हातात दिला. तिने तो मोजला, वहीत "जुनी बाकी" म्हणून लिहिला आणि मग चहा टाकला.

वाचकांपैकी कोणाच्या मुलामुलींना असे काम आले, तर माझ्या अनुभवाने एवढे सांगते. फोनवर आकडा बोलू नका. प्रथम काम तुकडे करून लिहा आणि प्रत्येक तुकड्यापुढे तास टाका. आपला स्वतःचा आणि तपासणाऱ्याचाही तास लिहा. फुकट करायचे असेल तर तास लिहून, रक्कम लिहून, मग सूट म्हणून वजा दाखवा, म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला किंमत कळते. दुसरी भाषा म्हणजे वेगळे काम. दुरुस्ती किती वेळा हे कागदावर असू द्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या. कायदा बदलला की धडा बदलावा लागतो. कचऱ्याचे १९९८ चे नियम २०१६ ला बदलले तसे पुढेही बदलतील, म्हणून नंतरच्या सुधारणेचा दर आधीच ठरवा. कंपनी बिलातून टीडीएस कापते. तो रिटर्न भरून हिशेबात धरता येतो, म्हणून कापल्याचा दाखला मागून घ्या. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर अशा सेवेसाठी आपल्या राज्यात जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. नंबर नाही म्हणून दबून जाऊ नका.

आणि घरात आई-बाप रोजंदारीवर असतील, तर मुलांनी दर ठरवण्याआधी त्यांच्याशी बोलावे. एका साडीला किती वेळ लागतो, एका पाटीला किती, हे त्यांना पाठ असते. मी बी.कॉम. झाले, परंतु हा धडा मला फॉल-बिडिंग करणाऱ्या एका आईने दिला. त्या कोर्सचे सर्टिफिकेट नाही. माझ्या टेबलावर मात्र आता एक दोनशे पानी वही असते, आणि तिच्या पहिल्या पानावर मी माझेच तास लिहिले आहेत.